गावची खोली

गेल्या रविवारी परळला जाऊन आले. आमच्या गावच्या मुंबई मंडळाची वार्षिक सभा होती. बाबा गेल्यानंतरची पहिली, आणि माझ्या आयुष्यातली तर पहिलीच.

निघताना आईने (ती सध्या माझ्याकडेच असते) विचारलं, "तिथे बायका असतात का गो?" म्हटलं, "मी असेन की." त्यावर ती काही बोलली नाही, पण डब्यात दोन चपात्या जास्त घातल्या. आईला काळजी वाटली की डबा जड होतो, हे आमच्या नातेवाईकांना सांगायला नको.

ज्यांना गावचं मंडळ आणि गावची खोली ही भानगड माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं मागे जाते.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. आजोबा मुसाकाजी बंदरातून बोटीत बसले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. बाबा १९७१ साली एसटीने आले. दोघांनीही मुंबईत पाय ठेवल्यावर पत्ता विचारला तो एकच, डिलाईल रोडची बीडीडी चाळ. म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग. तिथे गावची खोली होती.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. इंग्रज सरकारच्या या खात्याने १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड अशा चार ठिकाणी मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा बोळ, संडास सामाईक. एक खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत आमच्या गावच्या पस्तीस-चाळीस माणसांच्या पत्र्याच्या पेट्या होत्या, भिंतीला लागून एकीवर एक. वर दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर वळकटी पसरणार. जेवण खानावळीत. एका भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो आणि त्याच्याखाली एक वही.

ही वही म्हणजेच मंडळ. घरटी एक वर्गणी. दारू पिऊन आलात तर दंड. लग्न होऊन वेगळं बिऱ्हाड केलंत तरी वर्गणी चालूच. त्या पैशांतून गावच्या देवळाचं छप्पर झालं, शाळेला बाकं गेली, पऱ्ह्यावर साकव झाला. कोणी मुंबईत वारलं आणि खिशात काही नसलं, तर मंडळ.

अशा खोल्या गिरणगावात गावोगावच्या होत्या, आमच्या कोकणातल्या तशा घाटावरच्याही. आमच्याच लोकांची ही युक्ती, असं मी बरीच वर्षं समजत होते. मग एका गोव्याच्या मैत्रिणीने धोबीतलावच्या 'कुडां'बद्दल सांगितलं. गोव्यातल्या एकेका गावाची मुंबईत एकेक कूड. जेर महाल नावाच्या जुन्या इमारतीत अशा कितीतरी आहेत. बोटीवर खलाशी म्हणून जाणारी, नोकरी शोधायला आलेली माणसं तिथे उतरायची. तिथेही भिंतीला लागून पेट्या, संध्याकाळी एकत्र प्रार्थना, गावच्या संताचं फेस्त. आणि तिथेही राहणारे फक्त पुरुष! मैत्रीण म्हणाली, "माझ्या आजोबांची पेटी तिथे वर्षानुवर्षं होती, पण आजीने ती कधी पाहिली नाही." म्हटलं, बाई, आपलं गाव वेगळं, देव वेगळा, पण खोली एकच की.

मी मात्र आमची खोली पाहिली आहे. आत्या केईएमला दाखल होणार होती तेव्हा. गावाहून मोठ्या दुखण्याचं माणूस आलं की ते केईएममध्ये नाहीतर टाटामध्ये, आणि या दोन्ही इस्पितळांना जवळ खोलीच. पण बाईमाणूस रात्री कशी ठेवायची? मग कोपऱ्यात दोरीवर आत्याचंच लुगडं आडवं बांधलं, मला सोबतीला ठेवलं, आणि बारा रात्री सगळे बाप्ये बोळात झोपले. मी तेव्हा सातवीत होते. लुगड्याच्या फटीतून पेट्यांवरची नावं वाचत पडायचे. बाबांच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव आणि खाली खाते नंबर १७. बाबांना खोली सोडून तेव्हा खूप वर्षं झाली होती, तरी पेटी तिथेच. त्या बारा रात्रींबद्दल कोणी मंडळाचा नियम दाखवला नाही.

असो. तर सभा.

सभा पूर्वी खोलीतच व्हायची. आता चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली, म्हणून परळच्या एका शाळेचा वर्ग घेतला होता. साठी-सत्तरीची माणसं चौथीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. फळ्यावर कुणीतरी खडूने सुविचाराच्या जागी 'विषयपत्रिका' लिहिली होती. पन्नासेक पुरुष आणि मी. मला बघून सगळ्यांनी एकदम जागा करून दिली, इतकी की एका अख्ख्या बाकावर मी एकटीच.

विषय पहिला : खोली. बीडीडीतल्या भाडेकरूंना १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांचा ताबा दिलासुद्धा. आमची खोली कागदावर मात्र मंडळाची नाही. भाडेपावती पहिल्यापासून एका माणसाच्या नावावर, कारण पावतीवर गावाचं नाव घालता येत नव्हतं. तो माणूस गेला, मग मुलाचं नाव लागलं, आता नातवाचं. (गावाचं नाव का लिहीत नाही ते कळलं ना?) तो नातू उभा राहिला. पस्तिशीचा, शर्टाच्या खिशाला बँकेचं ओळखपत्र लटकवलेला. म्हणाला, "नाव माझं असलं तरी जागा गावाची. माझ्या आजोबांनी शब्द दिला होता, तो मी मोडणार नाही."

टाळ्या झाल्या. पुढच्याच क्षणी कुणीतरी विचारलं, "मग कागद करून देशील काय?" तो म्हणाला, "देईन, पण वकिलाला विचारून." वर्ग एकदम गप्प झाला. मला त्या मुलाची दया आली. शंभर वर्षं तोंडी चाललेली गोष्ट एकट्याच्या अंगावर येऊन बसली होती. १६० फुटांच्या खोलीसाठी शब्द पाळणं वेगळं आणि परळजवळच्या ५०० फुटांच्या घरासाठी वेगळं. त्याची बायको घरी काय म्हणत असेल, हे त्या पन्नास पुरुषांपैकी कुणाच्या मनात आलं असेल का कोण जाणे.

मग नेहमीचं. तरुण मंडळी म्हणाली, मिळेल ते घर पुढेमागे विकून गावात सभागृह बांधू, आता कोण राहतंय खोलीत? एक काका म्हणाले, "आणि टाटामध्ये पेशंट आला तर तुझ्या विरारच्या ब्लॉकवर ठेवशील?" यावर उत्तर आलं नाही. निर्णय पुढच्या सभेवर गेला.

विषय दुसरा : शक्ती-तुऱ्याचा कार्यक्रम. इथे सगळ्यांचे चेहरे उजळले. ज्यांनी पाहिला नाही त्यांना शक्ती-तुरा शब्दांत सांगणं कठीण, तरी प्रयत्न करते. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. मध्ये ढोलकी आणि गाणारे, भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारे नाचे. मुंबईत याला बाल्या नाच म्हणायचे. कोकणातून घरगड्याचं काम करायला आलेल्या, कानात बाळी घातलेल्या माणसांना शहर 'बाल्या' म्हणायचं, त्यावरून. नावात थोडी टिंगल होतीच. त्याच नाचाचा रंगमंचावरचा सामना म्हणजे शक्ती-तुरा. एक शाहीर शक्तीवाला, एक तुरेवाला. एक म्हणणार शक्ती मोठी, दुसरा म्हणणार शिव मोठा. गण, गौळण, मग सवाल-जवाब. पुराणातले असले आडवे प्रश्न की समोरच्याने रात्रभर डोकं खाजवावं. प्रेक्षकांतून बक्षिसं येणार, माईकवर नावं पुकारली जाणार.

हा कार्यक्रम नुसता करमणुकीचा नसतो. वर 'सहाय्यार्थ' लिहिलेलं असतं. दादरचं शिवाजी मंदिर, गिरगावचं साहित्य संघ, परळचं दामोदर, जिथे तारीख मिळेल तिथे. मंडळाने थिएटर घ्यायचं, तिकिटं घरोघर वाटायची, आणि उरलेल्या पैशांतून गावचं काम. 'तिकीट' म्हणजेही दुसऱ्या नावाची वर्गणीच. दामोदरचं आम्हाला विशेष. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, त्या लीगचं हे गिरणगावातलं नाट्यगृह, १९२२ सालचं. म्हणजे आमची खोली जोशींच्या नावाच्या रस्त्यावर आणि आमचा नाच जोशींच्या संस्थेच्या नाट्यगृहात! बाबांना ही जोडी फार आवडायची. दामोदर २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं. सभेत त्याचं नाव निघालं तेव्हा दोघातिघांनी 'च्च' केलं आणि मग साहित्य संघाच्या भाड्याचा हिशेब सुरू झाला.

मला मात्र बसल्या बसल्या वेगळंच आठवत होतं. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून मी हा सामना पाहिलाय. शक्तीवाला दरवेळी सिद्ध करायचा की शक्तीशिवाय शिवाचं पान हलत नाही. अख्खं थिएटर टाळ्या वाजवायचं. आता तर बायासुद्धा शाहीर म्हणून उभ्या राहतात आणि समोरच्याला पाणी पाजतात. एवढं सगळं ऐकून, मान्य करून, टाळ्या वाजवून ही मंडळी सभेला येतात, आणि वहीत एका बाईचं नाव नाही.

विषय तिसरा : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. तो माझा होता.

उभी राहिले. पाय थोडे लटपटत होते. म्हटलं, "माझ्या वडिलांचं खातं नंबर १७. त्यांना मुलगा नाही. मी एकटीच. ते गेल्यापासून वर्गणी राहिली आहे, ती मला भरायची आहे. आणि पुढेही भरायची आहे."

एक नात्यातलेच आजोबा उठले. चांगले आहेत, माझ्या लग्नात पंगतीत वाढायला होते. म्हणाले, "बाय, तुजा बापूस वर्गणीला कदी चुकला नाय. राहिली ती भर, त्येचं नाव साफ होईल. पन पुढचं कसं? तू लग्न होऊन दुसऱ्या गावची झालीस. थयच्या मंडळात तुज्या घोवाची वर्गणी असंल. एका घराला दोन गावं कशी असतील?"

खरं तर प्रश्न वाईट नव्हता. घरटी वर्गणी म्हणजे घर कुठलं ते ठरायला हवंच. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, अगदी हळू, पण ऐकू येईल इतका. "आता पाचशे फुटांचं घर होतंय ना, आता सगळ्यांच्याच लेकी येतील."

कान गरम झाले. आणि मी पटकन बोलून गेले, "खोलीत मला काही नको. तसं लिहून घ्या हवं तर. माझा हक्क नाही असं लिहून देते."

वर्ग सैल झाला. कुणीतरी म्हणालं, मग काय हरकत आहे. आजोबाही बसले.

खजिनदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या पिशवीतून जुनी खतावणी काढली. लाल कापडी बांधणीची, कडा कुरतडलेली. चाळ रिकामी करताना पेट्या भंगारात गेल्या, पण वह्या त्यांनी घरी नेल्या होत्या. खाते १७ उघडलं. बाबांच्या नावासमोर महिन्या-महिन्याला आकडे. १९८२ च्या पानावर आले तर जानेवारीनंतर आकडेच नाहीत. त्या जागी प्रत्येक महिन्यापुढे एकच शब्द, 'संप'.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. बाबा बदली कामगार होते, त्यांना काढायलाही वेळ लागला नाही. ते दिवस त्यांनी क्वचितच सांगितले. एवढंच म्हणायचे की एसटीच्या टपावरून गावचे तांदूळ यायचे आणि खोलीत पहिल्यांदाच चूल पेटली. खजिनदारांनी पान उलटलं. कुणाकुणाच्या नावासमोर दोन-दोन वर्षं तो शब्द होता. मी विचारलं, "ही थकबाकी नंतर भरली का सगळ्यांनी?" ते म्हणाले, "थकबाकी कुठं लिवलीय? संप लिवलाय. सभेत ठरलं होतं. ज्याच्या हातात नाही त्याच्याकडे बाकी काढायची नाही, आणि नाव कापायचं नाही."

मला काही बोलायलाच सुचेना. हेच मंडळ, हीच वही. पैसा आला नाही म्हणून एकाचंही नाव गेलं नव्हतं. नियम होता, पण माणूस अडला तेव्हा नियमाच्या जागी एक नवा शब्द लिहायला यांना बाराखडी शिकावी लागली नव्हती. आत्यासाठी बोळात झोपतानाही नाही.

मी राहिलेली वर्गणी आणि या वर्षाची, दोन्ही दिली. खजिनदारांनी पावतीपुस्तक काढलं. नावाच्या ओळीवर थांबले. पेन तसंच हवेत. मग लिहिलं, 'कै.' आणि बाबांचं नाव. आणि त्याखालच्या छापील 'हस्ते' या शब्दापुढे माझं. म्हणाले, "सध्या असं चालेल. वहीत कसं लिवायचं ते पुढच्या सभेत बघू."

घरी येऊन पावती आईला दाखवली. तिने चष्मा लावून दोनदा वाचली. बाबांच्या नावावरून बोट फिरवलं, मग माझ्या. म्हणाली, "बरं केलंस." आणि थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, "पण ते हक्क नाही असं कशाला बोललीस? तुला भाऊ असता तर त्याने असं लिहून दिलं असतं?"

सगळा आठवडा हेच डोक्यात आहे. ती खोली बाबांची नव्हती, माझीही नाही. ती विकून मला चार पैसे मिळावेत असं वाटत नाही. (अगदी एकदाही मनात आलं नाही, असंही म्हणणार नाही. पाचशे फूट ऐकल्यावर कुणाच्याही मनात येईल.) घरच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा, हा कायदा महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला आला, पण मंडळाची वही त्या कायद्यात बसत नाही, हेही कळतं. प्रश्न जागेचा नाहीच. त्या पन्नास जणांपैकी एकालाही आत येण्यासाठी आधी 'मला काही नको' म्हणावं लागलं नव्हतं. मला लागलं. आणि कुणी मागितलं नसताना मीच ते हातावर काढून ठेवलं, याचं जास्त वाईट वाटतंय. माझ्यामागून अशी आणखी एखादी उभी राहिली, तर तिलाही सांगतील, अमकीने लिहून दिलं होतं, तूही दे.

तर पुढच्या सभेला जाणार आहे. खोली विकू नका, पेशंटांसाठी ठेवा आणि या वेळी त्यात बायकांसाठी एक भिंत घाला, लुगडं नको, हे सांगायला. त्या मुलाच्या नावावरचं ओझं लवकर कागदावर आणा, हे सांगायला. आणि माझं ते एक वाक्य परत घ्यायला. काय म्हणतील ते म्हणोत. शक्ती-तुऱ्याची पाच तिकिटं विकायची जबाबदारी मात्र खजिनदारांनी आत्ताच गळ्यात मारली आहे. त्याला 'हस्ते' वगैरे काही लागलं नाही. थेट माझ्याच नावावर लिहून घेतली.

मुंबईतल्या नातेवाईकांनी फोन उचलत राहावं.